काटा 92 वरच अडकलाय, लिक्विडवर राहू का?

पत्र, थोडक्यात: ताई, मी 41 वर्षांची. सात महिन्यांपूर्वी स्लीव्हचं, म्हणजे वजनासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन झालं तेव्हा 118 किलो होते, आता 92. पण पाच आठवडे झाले काटा ढिम्म हलत नाहीये, केसही गळतायत. सासूबाई म्हणतात एवढे पैसे घातले, पोट कापून घेतलं आणि शेवटी अडकलंच ना. पाच दिवस नुसतं लिक्विड घेतलं की वजन परत उतरायला लागतं असा एक व्हिडिओ बघितला, करू का? तसं मी खातच नाही गं, दोन वेळा चार घास आणि अधेमधे चहा-बिस्किट.

अगं नको करूस. हे पहिल्यांदा सांगून टाकते, कारण तू सोमवारपासून सुरू करशील अशी मला भीती वाटतेय.

118 चे 92 म्हणजे 26 किलो गेले, मूळ वजनाच्या 22 टक्के! स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात साधारण 25 ते 30 टक्के उतरतं, मग तू मागे कुठे पडलीयेस? आणि मधेच थांबणं बहुतेक सगळ्यांचं होतं, काहींचं तर तिसऱ्याच आठवड्यात. 118 किलोच्या शरीराला नुसता जिना चढायला जेवढी ताकद लागायची तेवढी 92 च्या शरीराला लागत नाही, त्यात इतकं कमी खाणं बघून ते दुष्काळातल्या घरासारखं काटकसर करायला लागतं. आता अजून तोडलंस तर चरबीबरोबर स्नायू झिजतील आणि मग खर्च आणखीच कमी. केसांचंही तेच, झपाट्याने वजन उतरलं की काही महिन्यांनी गळतात आणि बहुतेकींचे परत येतात, पण प्रोटीन आणि लोह कमी पडत असेल तर ते लांबत जातं.

मला खरं अडकवलं ते तुझ्या शेवटच्या वाक्याने. अधेमधे म्हणजे किती वेळा गं? चहाला आपल्याकडे कोणी खाण्यात धरतच नाही. एका मारी बिस्किटात साधारण 25 कॅलरी, दोन-दोन करून चारदा घेतलीस तर 200 झाल्या, वर चहातली साखर आणि दूध वेगळंच. आणि बिस्किट चहात भिजून लगदा होऊन त्या छोट्या पोटातून सरळ खाली सरकतं, पोट भरतच नाही. तेच अंडं, पनीर नाहीतर मटकीची उसळ खाल्लीस तर चार घासांत बस म्हणशील. म्हणजे तू उपाशीही आहेस आणि खातेयसही, दोन्ही एकदम, आणि यात तुझा दोष नाही, हे असं खाणं खूप जणींचं नकळत होतं.

तेव्हा आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं लिहून काढ, चिवड्याचा चमचासुद्धा. ताटात आधी प्रोटीन संपव, मग भाकरीला हात लाव. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन सांगतात साधारण, एका अंड्यात 6 असतं, मग बघ तू कुठे आहेस ते. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने पी. चालत असशील तर छानच, पण त्यासोबत आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलायचे व्यायामही कर, डॉक्टरांना विचारून. आणि ती वही घेऊन तुझ्या डाएटिशियनकडे जा, बी-12, लोह, व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड तपासून घ्यायचं का तेही विचार. ऑपरेशननंतर दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या असशील तर आजच सांग त्यांना. सारखी उलटी होत असेल किंवा पाणीही पोटात टिकत नसेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, लगेच दाखव.

सासूबाईंना पटवत बसू नकोस. "डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलंय, अजून सातच महिने झालेत" एवढं म्हण आणि आपल्या कामाला लाग. नवऱ्याला मात्र जवळ बसवून सगळं सांग, डाएटिशियनकडे सोबत ने, म्हणजे घरात हे बोलणं निघालं की उत्तर द्यायला तू एकटी नसशील.