स्वतःची छोटी बोट घेऊन परदेशातल्या लहानशा मरीनात (खासगी बोटी बांधायच्या बंदरात) पाहुणे म्हणून जायचं असेल तर काय तयारी लागते? जागा मिळते का, खर्च किती येतो?

जागा मिळते. आदल्या दिवशी फोन करायचा, बोटीची लांबी-रुंदी आणि पाण्याखाली किती आहे ते सांगायचं, ते बांधायची जागा नेमून देतात. पैसे लांबीवर, मीटरमागे रात्रीचे. दोन्ही बाजूंना फेंडर (बोट घासू नये म्हणून लावायच्या फुगीर उशा) आणि पुढचे-मागचे दोर आधीच तयार ठेवा, म्हणजे ऐनवेळी नवरा-बायकोची भांडणं शेजारच्या बोटींना ऐकू जात नाहीत.

आता भरतीचं. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे.

मी मँचेस्टरजवळ राहतो. २६ फुटी जुनी शिडाची बोट आहे, पाण्याखाली १.४ मीटर. देवगडहून बाबा आले होते. बाबांनी उभी हयात मच्छीमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणून काढली. सोबत माझा मेहुणा, ज्याच्याकडे ‘डे स्किपर’चं, म्हणजे छोटी बोट चालवण्याचं, सर्टिफिकेट आहे. (हे तो स्वतःच सांगतो, विचारावं लागत नाही.) हनुमान जयंती होऊन दोन दिवस झाले होते, इस्टरची सुट्टी होती. आम्ही निघालो उत्तर वेल्समधल्या कॉन्वीला.

कॉन्वीचं मरीना गंमतीचं आहे. तिथे नदीच्या पात्राखालून रस्त्याचा बोगदा नेलाय, १९९१ साली खुला झाला. बोगद्याचे काँक्रीटचे अजस्र तुकडे काठावर खोदलेल्या खड्ड्यात ओतले, खड्ड्यात पाणी सोडून ते तरंगवत नेले आणि पात्रात बुडवून जोडले. मागे उरलेल्या खड्ड्याचं मरीना झालं. तोंडाशी गेट आहे. ओहोटीला ते बंद असतं, म्हणून आतल्या बोटी तरंगत राहतात. पूर्ण भरतीच्या आधी साधारण तीन-सव्वातीन तास उघडतं आणि नंतर तेवढाच वेळ खुलं राहतं. देवगडला उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं, इथे सात मीटरच्या आसपास. सकाळी जिथे बोटी फिरतात तिथे दुपारी कुत्री फिरतात.

आदल्या रात्री लॅंडडनोच्या उपसागरात नांगर टाकून झोपलो. मेहुण्याने छापील तक्ता काढला: भरती बारा वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे गेट पावणेनऊला. बाबा कानटोपी घालून चहा पीत होते. म्हणाले, “आज बीज. पाणी दीडाक.”

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, बीजेला दीड. आमच्याकडे पोरांना पाढ्यांबरोबर हे येतं. मेहुणा हसला. “काका, इथे पंचांगावर बोटी चालत नाहीत.” मीही हसलो, हे कबूल करतो. शाळेत पाठ केलेलं गणित मला वेल्समध्ये आठवायची लाज वाटली.

ग्रेट ऑर्म या समुद्रात घुसलेल्या डोंगराला वळसा घालून पावणेआठला आम्ही कॉन्वीच्या चॅनलमध्ये. गेट उघडताक्षणी पहिला नंबर लावायचा हा मेहुण्याचा बेत. बाबा दोनदा म्हणाले, “घाई कित्याक? पाणी अजून येवचा हा.” खोली दाखवणारा आकडा दोन, एक पॉइंट आठ, एक पॉइंट सहा असा उतरत गेला. मग कढईच्या तळाशी उलथनं घासावं तसा लांबलचक आवाज आला आणि बोट थांबली. मी लगेच इंजिन उलटं घालून जोर दिला. बाबा ओरडले, “मशीन बंद कर! वाळू खायत ता.” बरोबर होतं, थंड करायला इंजिन पाणी खालूनच ओढतं. बंद केलं.

वायरलेसवर, चॅनल ८० ला, मरीनाला विचारलं. पलीकडच्या बाईने अतिशय गोड आवाजात सांगितलं की गेट पावणेदहाला उघडेल.

आधीच्याच पंधरवड्यात इथली घड्याळं एक तास पुढे गेली होती. तक्ता जीएमटीमध्ये छापलेला होता. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा असतो, ते पानाच्या तळाशी लिहिलेलंही होतं. खरी भरती एक वाजून पाच मिनिटांनी. बाबांचं गणित पंचवीस मिनिटांनी चुकलं, सर्टिफिकेटचं एका तासाने.

बोट जराशी कलली होती. बाबांनी हिरव्या बोयाकडे (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेकडे) बोट दाखवलं. त्याच्या बुडाला लटकलेलं शेवाळ आत, नदीच्या दिशेने ताणलेलं होतं. पाणी आत येतंय, आपोआप उचलेल. चाळीसेक मिनिटं आम्ही बसलो, बाबांनी डब्यातली चकली काढली, मेहुणा तक्ता परत परत वाचत होता. शेजारून कुत्रं फिरवणारा एक म्हातारा हात हलवून गेला. मग बोट एकदा हलली, दोनदा हलली, आणि सुटली.

आत पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला, लागल्यावर मेहुण्याने बांधलेला दोर बाबांनी काही न बोलता सोडला आणि स्वतः परत बांधला. मग एका रात्रीचे किती पडले ते विचारलं. मी पौंडात सांगितलं, त्यांनी मनात रुपये केले. “गाडीच्या पार्किंगाचे?” “नाही बाबा, बोटीचेच.” देवगड बंदरात त्यांनी आयुष्यभर बोटीला बोट लावून बांधली, त्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. दुपारी मात्र चालत किल्ल्याखालच्या धक्क्यावर गेलो, तिथे ब्रिटनमधलं सर्वांत लहान घर आहे, जेमतेम १.८ मीटर रुंद, ते बघून खूश झाले.

तेव्हा माझा सल्ला: ॲप, तक्ता, जे काही वापराल त्याचं घड्याळ कुठलं ते आधी बघा. नवख्या जागी उतरत्या पाण्यावर कधीही शिरू नका. आम्ही चढत्या पाण्यावर रुतलो म्हणून चाळीस मिनिटांत सुटलो, उतरत्यावर रुतलो असतो तर निम्मा दिवस वाळूत गेला असता. आणि बोटीवर कोणी म्हातारा तांडेल असेल तर त्याचं ऐका, सर्टिफिकेटवाल्याचं नंतर.

एक सांगायचं राहिलं. तिथीचं गणित सगळीकडे चालत नाही. पौर्णिमेची भरती आपल्याकडे भर दुपारी असते, तशीच कॉन्वीलाही असते, हा योगायोग. त्याच वेल्समध्ये मिलफर्ड हेवनला ती सहा-साडेसहाला येते, तिथे बाबांवर विसंबलो असतो तर काय झालं असतं कोण जाणे. हे मी मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

तो हे वाचेल आणि खाली लिहील की त्या दिवशी सुकाणू दाजींच्या हातात होतं. होतं. तक्ता कोणाच्या हातात होता ते त्याला विचारा.