'स्मृतिरोधक' काय रोखतो?

फोंड्याच्या एका विज्ञान शिक्षिकेनं विचारलं आहे: प्रदर्शनाच्या फलकावर 'कोरफडीच्या ऊतींमध्ये स्मृतिरोधक असतात' असं लिहावं का? 'मेमरिस्टर'साठी, म्हणजे आधीच्या विद्युतदाबानुसार ज्याचा रोध बदलतो अशा विद्युत भागासाठी, त्यांनी हा शब्द योजला आहे.

लिहू नये. 'रोधक' हा 'रेझिस्टर'साठी, म्हणजे विद्युतधारेला अडथळा करणाऱ्या भागासाठी रुळलेला शब्द खरा, पण त्याच्याआधी नाम जोडलं की मराठी कानाला तो 'रोखणारा' असाच ऐकू येतो. गतिरोधक गती रोखतो, जलरोधक पाणी, अग्निरोधक आग. मग स्मृतिरोधक स्मृतीच रोखणार. कोरफडीनं विसरायला होतं असं एखाद्या मुलानं वाचलं, तर दोष त्याचा नाही. विद्युत अभियंते लिऑन च्युआ यांनी १९७१मध्ये 'मेमरी' आणि 'रेझिस्टर' यांचे तुकडे जोडून मूळ शब्द घडवला. मराठी समास तुकड्यांवर चालत नाही, पदांमधल्या नात्यावर चालतो. म्हणून विशेषण करून सुटं लिहावं: स्मरणशील रोधक. 'ऊती' मात्र तशीच ठेवा, 'ऊतक' हिंदी वळणाचं आहे.

'असतात' हे क्रियापदही खटकतं. ऊतीत असा सुटा भाग बसवलेला नसतो, ऊती तशी वागते. विद्युतदाब हळूहळू वाढवून उतरवला आणि उलट दिशेनंही तसंच केलं, तर दाब आणि धारा यांच्या आलेखात शून्यावर चिमटलेला आठाचा आकार उमटतो. तोच दाब, पण चढताना धारा वेगळी, उतरताना वेगळी. पेशीपटलातल्या पोटॅशियमच्या मार्गिका दाबानुसार उघडतात आणि मिटतात, पण जरा उशिरानं. म्हणून हा फरक. कोरफड, लाजाळू आणि कीटक पकडणारी व्हीनस फ्लायट्रॅप या तिन्हींत असं वर्तन नोंदवलेलं आहे.

प्रयोग दाखवायचा असेल तर तांब्याचे खिळे टोचू नका. त्यांच्या पृष्ठभागावरच विद्युतभार साचतो आणि वनस्पतीशिवायही आलेखात वेटोळं उमटतं. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड घ्या आणि आधी तेच मिठाच्या पाण्यात बुडवून पाहा. तिथं सरळ रेषा यायला हवी. वेटोळं शून्यातून जात नसेल, तर तो परिणाम धारिततेचा, म्हणजे विद्युतभार साठण्याचा, किंवा इलेक्ट्रोडच्या स्वतःच्या विभवाचा (व्होल्टेजचा) असू शकतो.

'झाडाला आठवण असते' हे वाक्यही टाळा. मराठीत आठवण कुणाला तरी येते, तिथं अनुभवणारा लागतो. फ्लायट्रॅपच्या सापळ्यासारख्या पानावरचा एक केस हलला की विद्युत् संदेश जातो, पण सापळा सहसा मिटत नाही. सुमारे ३० सेकंदांत दुसरा स्पर्श झाला की मिटतो. पहिल्या स्पर्शानं पेशीत वाढलेलं कॅल्शियम तोवर पुरतं उतरलेलं नसतं, दुसऱ्यानं त्यात भर पडून उंबरठा ओलांडला जातो. इथं 'स्पर्शाची खूण राहते' हे नेमकं बसतं. कुळागराच्या बांधावरची लाजाळू वारंवार हलवल्यावर पानं मिटायची थांबते, त्याला 'सवय होते' म्हणावं.

फलकासाठी वाक्य: 'कोरफडीच्या ऊती स्मरणशील रोधकासारख्या, म्हणजे मेमरिस्टरसारख्या वागतात, त्यांतून आता किती धारा वाहील हे आधीच्या विद्युतदाबावरही अवलंबून असतं.'