चुकीच्या निदानाबद्दल डॉक्टरवर केस करता येते का?
काका भुसावळचे, उपचार नाशिकला, आणि टीबीला चार महिने न्यूमोनिया समजून औषधं दिली, असं तुम्ही लिहिलंय. केस करता येते, पण नुसतं निदान चुकलं एवढ्यावर नाही. कुठल्याही जाणत्या डॉक्टरने केली असती ती तपासणी इथे झाली नाही, हे दाखवावं लागतं. थुंकी तपासलीच नसेल तर मुद्दा भक्कम.

आधी लेखी अर्जाने केसपेपर मागा; ते ७२ तासांत द्यावे लागतात. तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते, नाशिकच्या चकरा नकोत. मुदत २ वर्षं. दिलेलं बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य.

पोलीस स्टेशनला मात्र आधी धावू नका. सुप्रीम कोर्टाच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालापासून डॉक्टरवरच्या फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणाच लागतो.