बाबांची जीप, गोठ्यातलं इंजिन आणि भावाचा वाटा

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातले. बाबांनी स्वतःच्या पैशातून घेतलेली १९७४ ची महिंद्रा जीप आहे. मूळची पेट्रोल, ते परवडेना म्हणून १९८८ च्या सुमारास बाबांनी मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. जुनं इंजिन गोठ्यात पडून आहे. बाबा असतानाच मी जीप नव्यानं उभी करायला घेतली. पत्रा, वायरिंग, गिअरबॉक्स, ब्रेक असं करत दहा-बारा वर्षं गेली. बाबा २०१९ मध्ये वारले. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) अजून त्यांच्याच नावावर, तिची मुदतही २०२१ मध्ये संपली. आता नागपूरचा मोठा भाऊ म्हणतो, विकू आणि वाटे करू. आई आणि बहीण काही म्हणत नाहीत. एजंट म्हणतो, डिझेल इंजिनवर जुना नंबर पंच करून पासिंग करून देतो. मला जीप विकायची नाही, वावरात न्यायची आहे. हार्डटॉपही (पक्कं, कडक छत) बसवायचा आहे. ५० वर्षं झाली, तर व्हिंटेज नंबर मिळेल का?

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी त्या एजंटला नाही म्हणा, आजच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे इंजिनावरचा किंवा चेसिसवरचा नंबर आरसीशी जुळत नसेल, किंवा खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असेल, तर मालकाचं म्हणणं ऐकून आरटीओ ती नोंदणी रद्द करते. आज तुमचा दोष एवढाच, की नंबर जुळत नाही. वडिलांनी केलेला बदल आहे, प्रामाणिकपणे सांगता येतो. नंबर पंच केलात की तुम्ही स्वतः खोटेपणा केलेला असेल आणि प्रकरण फौजदारीत जाईल. दहा-बारा वर्षांची मेहनत त्या एका ठशापायी जाऊ देऊ नका.

आता इंजिनाचं बघू. १९८८ मध्ये १९३९ चा जुना कायदा लागू होता आणि आरटीओची मंजुरी घेऊन गाडीत बदल करता येत असे. तुमच्या बाबांनी ती घेतली असेल, तर नोंद जुन्या आरसी पुस्तिकेत असेल. संगणकावर माहिती चढवताना अशा जुन्या नोंदी सुटू शकतात. म्हणून घरातली मूळ पुस्तिका शोधा, तिचं पान न् पान बघा, आणि यवतमाळच्या कार्यालयात लेखी अर्ज करून नोंदवहीतल्या पूर्ण नोंदींचा उतारा मागा. हे हाती येईपर्यंत जीपवर आणखी पैसा लावू नका.

नोंद सापडली, तर दुरुस्तीचा अर्ज करता येईल. नाही सापडली, तर आता नव्यानं डिझेलची नोंद होईल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. मग उरतं ते गोठ्यातलं इंजिन, आणि तीच तुमची खरी जमेची बाजू आहे. त्यावरचा नंबर साफ करून आरसीशी ताडून पाहा. जुळत असेल तर बोअर, पिस्टन करून तेच परत बसवा. खर्च होईल, डिझेलची स्वस्ताई जाईल, पण कागद आणि गाडी एक होतील.

हार्डटॉपचा विचार सोडा. बॉडीचा प्रकार नोंदणीत लिहिलेला असतो. पॉवर स्टिअरिंगही मंजुरीशिवाय नको. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ पद्धतीची दुरुस्ती खुशाल करा. रंग वेगळा दिला असेल तर त्याची नोंद करून घ्या. समोर लोखंडी गार्ड असेल तर काढा.

व्हिंटेज नंबरचा मोह मला कळतो, पण तो तुमच्यासाठी नाही. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरची गाडी बसते खरी, मात्र इंजिन, चेसिस, बॉडीत मोठा बदल झालेला चालत नाही. नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात, आणि एवढं करून ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुम्हाला तर ती वावरात न्यायची आहे. साधं नूतनीकरणच करा. १५ वर्षं झाली की खासगी गाडी भंगारातच जाते, ही भीती खेड्यापाड्यांत फार आहे. आपल्याकडे तसा नियम नाही. तपासणीत पास झाली की पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. २० वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये शुल्क आहे. शिवाय उशिराचे महिन्याला ५०० रुपये, पर्यावरण कर आणि नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी. हिशेब कार्यालयाकडून लेखी घ्या.

भावाच्या बाबतीत मन थोडं घट्ट करून ऐका. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई, भाऊ, बहीण आणि तुम्ही असे चौघं समान वारस. (बाबांची आई हयात असतील तर त्याही.) आरसी तुमच्या नावावर झाली म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. तुम्ही केलेला खर्च न्यायालय विचारात घेऊ शकतं, पण त्याला पुरावा लागतो: स्पेअरपार्टची बिलं, मिस्त्रीच्या पावत्या, बँकेचे व्यवहार, जुने फोटो. तेही वडिलांच्या हयातीत त्यांच्या गाडीवर लावलेल्या पैशासाठी अवघडच. एका जीपसाठी भावाशी कोर्टात जाऊ नका, असं मी वकील असून सांगतो. २०१९ मध्ये जीप जशी होती तशा अवस्थेतली किंमत दोघांनी मिळून धरा आणि त्यातला चौथा हिस्सा त्याला बँकेतून द्या. मग आई, भाऊ, बहीण तिघांकडून योग्य मुद्रांकावर हक्कसोडपत्र घ्या, दोन साक्षीदार आणि नोटरीसह. जंगम वस्तू असल्यानं नोंदणी सक्तीची नाही. बहीण काही म्हणत नाही म्हणून तिची सही गृहीत धरू नका. तिचाही हिस्सा तितकाच आहे, तिला विचारा.

त्यानंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०(२) खाली नमुना ३१ भरून वारस म्हणून हस्तांतरण मागा, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. मुदत मृत्यूपासून तीन महिन्यांची होती, त्यामुळे उशिराचं शुल्क लागेल.

तोवर जीप रस्त्यावर काढू नका, गावातल्या गावातही. मुदत संपलेली आरसी आणि जुळत नसलेलं इंजिन असताना कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनी हात वर करेल किंवा भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करेल. यवतमाळला तपासणीला नेताना ट्रकवर चढवून न्या.