रिचार्जचा निरोप येतो, मग पुराचा का नाही?

प्रश्न : आमचं घर महाडला, सावित्रीपासून फार लांब नाही. 2021 च्या जुलैत रात्रीतून पाणी चढलं तेव्हा सासूबाईंना खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेलं होतं. आता माझ्या मोबाइलवर भोंगा वाजून इशारा येतो, पण दिवसभर मी शाळेत असते आणि सासूबाई घरी एकट्या. त्यांचा फोन साधा, बटणांचा. टीव्ही मात्र सकाळपासून चालू. त्यावर इशारा का येत नाही? रिचार्ज संपत आला की बरोबर स्क्रीनवर पट्टी येते!
— एक वाचक, महाड

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तीस वर्षं प्रक्षेपणात काढल्यावर माझंही हेच म्हणणं आहे.

आधी अडचण सांगतो. सासूबाई जी मालिका बघतात ते चॅनेल उपग्रहावर चढतं आणि महाड असो की गडचिरोली, सगळीकडे तेच चित्र उतरतं. फक्त महाडपुरतं ते मध्येच थांबवायची सोय चॅनेलकडे नसते. बातम्यांची चॅनेलं रेड अलर्ट सांगतात, पण अख्ख्या जिल्ह्याचा. शिवाय तिथे तांबडी पट्टी बारा महिने फिरत असते, त्यामुळे डोळा तिच्यावर थांबतच नाही. मोबाइलचं तसं नाही. धोका ज्या भागात आहे तिथल्या टॉवरांवरून टप्प्यातल्या फोनांना एकदम निरोप जातो, त्यासाठी कुणाचा नंबर माहीत असावा लागत नाही. 2023 मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या, ते भोंगे तुम्हाला आठवत असतील.

पण टीव्हीच्या बाजूलाही असा एक रस्ता आहे, तो म्हणजे तुमचा सेट टॉप बॉक्स. ट्राय या दूरसंचार आणि प्रसारण नियामकाच्या 2017 च्या नियमांनुसार बॉक्सला किमान 120 अक्षरांचा निरोप दाखवता आलाच पाहिजे. तो सगळ्यांना, ठरावीक गटाला किंवा एकाच घराला पाठवता आला पाहिजे, आणि गरज पडल्यास सक्तीने दाखवता आला पाहिजे. रिचार्जची पट्टी येते ती याच वाटेने.

कोकणातल्या एका केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये मी हे करून बघितलं. त्याने यादीतून एक भाग निवडला, माझं वाक्य टाइप केलं, बटण दाबलं. कोपऱ्यातल्या टीव्हीवर मालिका चालू होती. थोड्याच वेळात तिच्यावर पांढरी पट्टी आली. फक्त देवनागरीच्या जागी चौकोन उमटले. त्या बॉक्समध्ये मराठी अक्षरंच नव्हती. रोमन लिपीत लिहिल्यावर नीट दिसलं. ही उणीव लहान नाही. नवे बॉक्स घेताना मराठी दिसतं की नाही हे कुणीतरी बघायलाच हवं.

मी लिहिलेलं वाक्य असं : 'सावित्रीचं पाणी वाढतंय. दोन तासांत बाजारपेठेत शिरेल. वरच्या मजल्यावर जा.' 120 अक्षरांत आरामात बसतं. हा निरोप जिल्हा आपत्ती कक्षाकडून यायला हवा, केबलवाल्याने मनाने टाकायचा नाही. म्हणून माझा आग्रह आहे की पावसाळ्याआधी तहसीलदार, नगरपालिका आणि केबलवाले यांनी एकत्र बसून कोण कुणाला फोन करणार ते कागदावर ठरवावं. तुमच्या शाळेच्या लेटरहेडवर तसं पत्र द्या, वजन पडेल.

आता आवाजाचं. सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला असेल, डुलकी लागली असेल, तर पट्टी काय कामाची? जपानमध्ये 1985 पासून धोक्याची ठरावीक धून आहे; ती आली की तशी सोय असलेले संच आपोआप सुरू होतात. 1 जानेवारी 2024 ला नोटोच्या भूकंपानंतर त्सुनामीचा इशारा देताना एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीची निवेदिका अक्षरशः ओरडून 'पळा' म्हणत होती. आपल्याकडे त्या पट्टीबरोबर साधी घंटाही वाजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

घरावर डिशची छत्री असेल तर आणखी एक गोष्ट. धो धो पाऊस लागला की चित्राचे चौकोन पडतात आणि मग पडदा काळा. उपग्रहाकडून छत्रीवर येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटरच्या, पावसाचे थेंब त्या गिळतात. केबलवाल्याच्या मोठ्या डिशवर बहुतेक चॅनेलं लांब लहरींवर येतात, ती पावसात टिकतात. वीज गेली की मात्र दोन्ही बंद. तेव्हा घरात सेलवर चालणारा रेडिओ ठेवा, सेल वेगळे काढून.

भिंतीवर 1077 मोठ्या अक्षरांत लिहा, तो जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर. आणि सासूबाईंच्या फोनमध्ये 2 च्या बटणावर शेजारच्या घरचा नंबर लावून द्या. एकदा तुमच्यासमोर त्यांनाच दाबायला सांगा, आणि शेजारी घंटा वाजते का ते जाऊन ऐका.