वाचकांचे प्रश्न : अडलेले बारावे प्रकरण

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. चार वर्षांपूर्वी मी माझ्या आजीचे चरित्र लिहायला घेतले. आजीचा जन्म १९१२ सालचा. बडोदे संस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होता म्हणूनच आपण शाळेचे तोंड पाहिले, नाहीतर घरातून कोणी पाठवले नसते, असे ती नेहमी सांगत असे. लग्न होऊन ती दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात आली आणि सुमारे साठ वर्षे तेथेच राहिली. पहिल्या दोन वर्षांत माझी अकरा प्रकरणे, म्हणजे हाताने लिहिलेली १४० पाने, झाली. त्यानंतरच्या दोन वर्षांत एक पानही पुढे सरकलेले नाही. यजमान समजूतदार आहेत, पण ‘पूर्ण झाले की एकदमच वाचेन’ असे म्हणतात. मुलगी वडोदऱ्यातच असते, परंतु तिचे शिक्षण गुजराती माध्यमात झाल्यामुळे ती मराठी बोलते, वाचताना मात्र अडखळते. ज्यांना वाचून दाखवावे अशा दोघी मैत्रिणी मुलांकडे पुण्याला गेल्या. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काही उतारे टाकले, त्यांचे फार कौतुक झाले, पण लिहिणे त्यानंतर अधिकच मंदावले. शेवटचे प्रकरण वाडा विकला गेला त्या दिवसांचे आहे आणि तेव्हा वडील व काका यांच्यात जे झाले ते आता कशाला, असेही मनात येते. उमेद परत कशी आणावी आणि या वयात पाठबळ कोठून मिळवावे?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण अगदी शेवटी, जाता जाता सांगितली आहे. घर सांभाळून दोन वर्षांत १४० पाने हाताने लिहिणाऱ्या व्यक्तीची उमेद संपली असे मला वाटत नाही. आपले लेखन आजीच्या बालपणात थांबले नाही, तिच्या संसारात थांबले नाही. ते वाडा विकण्याच्या उंबरठ्यावर येऊन थांबले. आपल्याला भीती वाटते आहे, आणि ती वाजवी आहे. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांतील काहींची मुले आज आपली सख्खी चुलत भावंडे आहेत, सणावाराला भेटणारी आहेत, आणि लिहिता लिहिता आपल्या वडिलांचीही एखादी बाजू उणी दिसेल अशी धास्ती मनात असणार.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की लिहिणे आणि दाखवणे या दोन गोष्टी आपण काही काळ पूर्णपणे वेगळ्या कराव्यात. बाराव्या प्रकरणासाठी वेगळी वही करा आणि ती यजमानांना, मुलीला, कोणालाही दाखवायची नाही असे आधीच ठरवा. त्या वहीत सगळे येऊ द्या : कोण काय बोलले, कोणी सही केली, कोण त्या दिवशी आलेच नाही, जेवणे कोणाकडे झाली. वही भरली की महिनाभर कपाटात ठेवा. नंतर ती उघडून प्रत्येक मजकुरापाशी एकच प्रश्न विचारा, की हे वगळले तर आजीचे आयुष्य वाचणाऱ्याला समजेल का. कोणाच्या वाट्याला किती रक्कम आली हे वगळले तरी बहुधा काही बिघडणार नाही. परंतु वाडा सोडण्याच्या सकाळी आजीने काय केले, वृंदावनातली तुळस कोणाच्या हाती दिली, ती कोणाकडे राहायला गेली आणि त्या नव्या घरात तिची झोपण्याची जागा कोणती होती, हे वगळता येणार नाही. आपण आजीचे चरित्र लिहीत आहात, काकांवरचा निकालपत्राचा मसुदा नव्हे, आणि हा फरक एकदा मनात पक्का झाला की पुष्कळसा कटू मजकूर आपोआप गळून पडतो.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. माझ्या वडिलांची पत्रे संपादित करण्याचे काम एका पत्रापाशी तीन वर्षे रखडले होते, कारण त्यात त्यांनी आईविषयी कठोर शब्द लिहिले होते. ते पत्र अखेर मी संग्रहात घेतले नाही. पण एका दुपारी बसून त्याची अक्षरशः नक्कल स्वतःच्या हाताने उतरवून काढली, आणि त्यानंतरच पुढची पत्रे लावायला हात वळला.

प्रकरण तयार झाल्यावर, छापण्यापूर्वी, ज्यांचा त्यात संबंध येतो त्या हयात नातेवाइकांना तेवढा भाग समक्ष बसून वाचून दाखवावा. त्यांनी तपशिलाची चूक दाखवली तर ती सुधारावी, आणि मत वेगळे असेल तर ‘त्यांच्या आठवणीत हे असे आहे’ म्हणून तेही नोंदवावे. वाड्यासंबंधी न्यायालयात काही अद्याप चालू असेल, तर तो भाग वकिलांना दाखवल्याशिवाय प्रसिद्ध करू नये.

आता पाठबळाविषयी. मुलीला वाचता येत नाही याचे आपल्याला दुःख आहे, पण तिला ऐकता येते, आणि आपल्याला या घडीला वाचकापेक्षा श्रोत्याची गरज अधिक आहे. ज्ञानेश्वरी श्रोत्यांसमोर सांगितली गेली आणि शके १२१२ मध्ये सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तिच्या ओव्यांतून ज्ञानेश्वर पुन्हा पुन्हा समोरच्या मंडळींकडे अवधान मागताना दिसतात. समोर कोणीतरी पुढचे ऐकायला बसलेले असणे ही आपल्या भाषेतली लिहिण्याची फार जुनी सोय आहे. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी मुलीला चार पाने मोठ्याने वाचून दाखवा आणि सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करा. तिला स्पष्ट सांगा की कौतुक नको. कोठे मन दुसरीकडे गेले तेवढे सांग, आणि जे कळले नाही ते विचार. ती विचारेल, माजघर म्हणजे घरातला नेमका कोणता भाग, आजी ‘सोवळ्यात आहे’ म्हणजे तिने काय केलेले असायचे. आपल्याला ही माहिती इतकी घरची आहे की ती लिहायची राहून गेली असणार, आणि गुजराती शाळेत शिकलेल्या मुलीच्या या प्रश्नांमुळे ती पुस्तकात येईल. वडोदऱ्यातील मराठी घरांची पुढची पिढी हे पुस्तक वाचणार असेल, तर तिची पहिली प्रतिनिधी आपल्या समोरच बसलेली आहे. एखाद्या शनिवारी नवे अर्धेच पान झाले असेल तरी ती बैठक टाळू नये. अकरा प्रकरणे संपेपर्यंत बारावे तयार व्हायला पुरेसे महिने आपल्या हाती आहेत, आणि मुलगी ‘पुढे काय झाले’ असे विचारत असेल, तर त्या विचारण्याचा आधार फार मोठा असतो.

यजमानांच्या बोलण्यामागे सद्भाव आहे, मात्र त्यामुळे त्यांची दाद नेमकी त्या टोकाला जाऊन बसली आहे जेथे आपण आज पोहोचू शकत नाही. त्यांना वाचायला सांगू नका, काम सांगा. अकरा प्रकरणे संगणकावर देवनागरीत टंकित करण्याचे काम त्यांनी घ्यावे. टंकताना ते प्रत्येक ओळ वाचतीलच, सालांच्या चुका त्यांच्या ध्यानात येतील, आणि हे पुस्तक घरातल्या दोघांचे होईल.

कुटुंबाच्या गटावर उतारे टाकणे मात्र आता थांबवावे. सुट्या उताऱ्यांच्या कौतुकाने काम पुरे झाल्याचे समाधान काम पुरे न होताच मिळते, ही त्यातली लहान अडचण आहे. मोठी अडचण अशी की त्या गटावर टाळ्या वाजवणारी माणसे आणि बाराव्या प्रकरणात येणारी माणसे बऱ्याच अंशी एकच आहेत. ज्यांनी इतके प्रेमाने वाखाणले त्यांनाच दुखवायचे कसे, हा पेच आपल्या लेखणीवर त्या कौतुकाने आणून ठेवला असावा.

घरी दाराची घंटा आणि फोन यांमुळे बैठक मोडत असेल, तर आठवड्यातून दोन सकाळी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसावे. सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून १९१० साली या ग्रंथालयाचा पाया घातला आणि तेथे मराठी ग्रंथांचाही मोठा संग्रह आहे. परंतु तेथे नवे संदर्भ शोधण्यासाठी जाऊ नका. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झाला, १९०६ मध्ये तो कायदा सर्व संस्थानाला लागू झाला, आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे, एवढे आपल्या पुस्तकाला पुरे आहे. दंडाच्या धाकाने शाळेत गेलेल्या मुलीने पुढे आयुष्यभर त्या अक्षरांचे काय केले, ती कोणाला पत्रे लिहीत असे, हिशेबाची वही कोठे ठेवत असे, हे कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. ते केवळ आपल्याजवळ आहे.

साहित्य संमेलन या शहरात १९०९ पासून २०१८ पर्यंत चार वेळा भरले आणि येथील मराठी वाङ्मय परिषदेची परंपराही जुनी आहे. संपूर्ण मसुदा हाती आल्यावर एखादे प्रकरण तेथील जाणत्या मंडळींपुढे वाचण्यास हरकत नाही, पण त्याआधी नको.

आपल्या अकरा प्रकरणांची सरासरी जेमतेम तेरा पानांची आहे. रोज अर्धे पान लिहिले तर बारावे प्रकरण सव्वीस दिवसांचे काम आहे. आजारपण, पाहुणे आणि सणवार धरून दीड-दोन महिन्यांचे. आजीची पुण्यतिथी कधी येते ते पाहून मागे मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर ती तारीख घाला.

प्रश्न : मी मकरपुऱ्यातील एका कारखान्यात पाळीने काम करतो. वय २७. कादंबरी लिहितो आहे, पण पहिले प्रकरण नऊ वेळा लिहिले आणि दुसरे एकदाही नाही. घरच्यांना हे सांगण्याचे धाडस होत नाही. काय करावे?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : पहिल्या प्रकरणाची वही विश्वासू मित्राकडे ठेवायला द्या आणि मागितली तरी देऊ नकोस असे त्याला सांगा. तो मराठी वाचणारा नसला तरी चालेल, किंबहुना बरेच. नऊ वेळांच्या लेखनामुळे ते प्रकरण आपल्याला तोंडपाठ असणार, त्यामुळे पुढे लिहिताना वहीची उणीव भासणार नाही. दुसरे प्रकरण क्रमाने सुचत नसेल तर ज्या प्रसंगात पात्रे समोर बोलताना दिसतात तो प्रसंग आधी लिहावा, मग तो विसाव्या प्रकरणातला का असेना. पाळी दर आठवड्याला बदलते म्हणून लिहिण्याची वेळ घड्याळावर ठरवू नये, तर पाळी सुटण्याशी जोडावी : हातपाय धुऊन झाल्यावर, घरी निघण्यापूर्वी, कँटीनच्या बाकावर वीस मिनिटे. फार थकवा असेल त्या दिवशी तोच प्रसंग फोनवर बोलून ध्वनिमुद्रित करावा आणि सुट्टीच्या दिवशी उतरवून घ्यावा.

घरच्यांना एवढ्यात सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र त्या मित्राला दर पंधरा दिवसांनी नवी पाने मोजून दाखवावीत. त्याने ती वाचू नयेत, फक्त पानांची संख्या तारखेसह लिहून ठेवावी. दहाव्या वेळी पहिले प्रकरण लिहिण्याची गरज खरोखरच पडेल, कारण शेवट हाती आल्यावर सुरुवात बदलावी लागते. त्या दिवशी मित्राकडे जाऊन वही परत मागावी.