सायनसचं ऑपरेशन सांगितलंय, डॉक्टरांना आधी काय काय विचारू?

सगळ्यात आधी सीटी स्कॅनची फिल्म समोर लावून विचारा की नक्की कुठला सायनस (नाकाभोवतीची हाडातली पोकळी) बंद आहे आणि नाकाचं हाड वाकडं असेल तर तेही त्याच वेळी सरळ करणार का. ऑपरेशनशिवाय काही मार्ग उरलाय का हेही विचारा, म्हणजे स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं नीट करून झालंय का, कारण बरेच जण स्प्रे चार दिवस मारतात आणि सोडून देतात.

पॉलिप, म्हणजे नाकात वाढणारा मऊ मांसल गोळा, असेल तर स्पष्ट विचारा की परत येईल का, कारण तो येऊ शकतो, विशेषतः दमा असेल तर, आणि ऑपरेशननंतरही स्प्रे चालूच ठेवावा लागतो. डोळा आणि मेंदूचं आवरण अगदी शेजारी असतं त्यामुळे धोका किती हे विचारायला लाजू नका, असा धोका क्वचितच असतो पण चांगला डॉक्टर चिडत नाही. नाकात पॅकिंग, म्हणजे रक्त थांबवायचा बोळा, घालणार का, कधी काढणार? रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आठवणीने सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि हो, मेडिक्लेम तपासा, बऱ्याच पॉलिसीत सायनसला २ वर्षं वेटिंग असतं, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून तेवढा काळ त्याचा खर्च मिळत नाही.